लापशी आणि खडे: धमनीच्या भिंतीत मेलेल्या पेशींचं काय होतं?

'ॲथेरोस्क्लेरोसिस' हा शब्द फेलिक्स मार्शां या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने 1904 साली दिला. ग्रीकमध्ये 'अथेरे' म्हणजे पातळ लापशी आणि 'स्क्लेरोस' म्हणजे टणक. मराठीत येताना त्याचं 'धमनीकाठिण्य' झालं. टणकपणा तेवढा आला, लापशी वाटेतच सांडली. हे वाईट झालं, कारण जीव जातो तो बहुतेक वेळा लापशीपायी. टणक भाग त्या मानाने पुष्कळ शांत असतो.

शवविच्छेदनात अशी जुनाट आजारी धमनी कापली की दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी दिसतात. भिंतीतल्या फुगवट्यातून पिवळसर, पिठूळ रबडा बाहेर येतो आणि पुढे सुरी सरकवावी तर चुन्याच्या खड्यावर अडखळते. इतका लिबलिबीत आणि इतका कठीण पदार्थ एकाच जागी कसा? कोलेस्टेरॉल हे अर्धं उत्तर झालं, आणि ते आता सगळ्यांना पाठ आहे. उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे त्या जागी मेलेल्या आणि कुणी न उचललेल्या पेशी. या लेखात मुख्यतः त्यांच्याबद्दल.

आधी भिंतीची ओळख. धमनीला आपण नळी म्हणतो, पण हिची भिंत जिवंत आहे. रक्ताला लागून पेशींचा एकच थर असतो, म्हणजे अस्तराची जाडी एका पेशीएवढी. मधल्या थरात स्नायुपेशी असतात, त्या आकुंचन पावतात आणि सैल होतात. सगळ्यात बाहेर तंतूंचं वेष्टण. आजाराची सारी गोष्ट घडते ती अस्तर आणि स्नायूंचा थर यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत. म्हणजे 'नळीला आतून चिकटलेला गाळ' हे चित्र डोक्यातून काढून टाकायला हवं. गाळ नळीत नाही, भिंतीच्या पोटात आहे. भिंतीवर चिकटलेलं घासून काढता आलं असतं. पोटातल्याचं तसं नाही.

एलडीएलचे कण, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे रक्तातले गोळे, साधारण 22 नॅनोमीटरचे असतात. ते अस्तर ओलांडून आत शिरतात, काही तिथल्या तंतूंच्या जाळीत अडकून पडतात आणि ऑक्सिजनच्या संपर्कात बिघडतात. अस्तराच्या पेशी मग धोक्याची खूण करतात. ती ओळखून रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी भिंतीत शिरतात आणि तिथे मॅक्रोफेज होतात. मॅक्रोफेज म्हणजे शब्दशः मोठा खादाड. हा समोर येईल ते गिळतो. प्रथिनं तो तोडू शकतो, चरबी जाळू शकतो. पण कोलेस्टेरॉलच्या रेणूतली कडी फोडणं आपल्या बहुतेक पेशींना जमतच नाही. एक तर ते साठवून ठेवायचं, नाही तर एचडीएलच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल परत वाहून नेणाऱ्या कणांच्या, स्वाधीन करायचं. आवक जावकीपेक्षा जास्त झाली की हा खादाड आतून थेंबाथेंबांनी भरतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली साबणाच्या फेसासारखा दिसू लागतो. त्याला फेसाळ पेशी म्हणतात. मधल्या थरातल्या स्नायुपेशीही तिथे सरकत येऊन याच वाटेला लागतात.

हे सगळं म्हातारपणी सुरू होतं असं कुणाला वाटत असेल तर 1953 सालचा एक अहवाल आठवावा. कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या 300 अमेरिकी सैनिकांची हृदयं तपासली गेली होती. सरासरी वय 22. त्यातल्या 77 टक्के जणांच्या हृदयधमन्यांत आजाराच्या खुणा उघड्या डोळ्यांना दिसल्या.

पोट फुगेपर्यंत भरलेल्या या फेसाळ पेशी पुढे मरतात. खरी गोष्ट इथून सुरू होते.

पानगळ

पेशींनी मरण्यात तसं काही वावगं नाही. 2021 सालच्या एका अंदाजानुसार प्रौढ माणसाच्या शरीरात रोज सुमारे 330 अब्ज पेशी बदलल्या जातात, म्हणजे दर सेकंदाला जवळपास 38 लाख. त्यात सर्वाधिक वाटा रक्ताच्या पेशींचा. हे वाक्य वाचून होईपर्यंत तुमच्या अंगातल्या कोटभर पेशी गेल्या, आणि तुम्हाला ना ताप आला ना सूज.

या शिस्तीच्या मरणाला 1972 साली नाव मिळालं. जॉन केर, अँड्र्यू वायली आणि ॲलिस्टर करी या तिघांनी त्याला 'ॲपॉप्टोसिस' म्हटलं. शब्द सुचवला होता ॲबर्डीन विद्यापीठातल्या ग्रीक भाषेच्या प्राध्यापकांनी, जेम्स कॉर्मॅक यांनी. अर्थ: झाडावरून पानं गळणं. आपल्याकडे त्याला पानगळ हा तयार शब्द असताना पाठ्यपुस्तकांत 'नियोजित पेशीमृत्यू' असलं जडशीळ काहीतरी का छापतात, कुणास ठाऊक. नियोजित तो असतो हे खरंच. एका मिलिमीटरभर लांबीच्या सूत्रकृमीच्या शरीरात वाढीच्या काळात 1090 पेशी तयार होतात आणि त्यातल्या 131 मरतात. दर वेळी त्याच 131. हा हिशेब लावणाऱ्या संशोधनाला 2002 सालचं नोबेल मिळालं.

पानगळीत पेशी फुटत नाही. ती आक्रसते, आतला डीएनए कातरते आणि स्वतःची छोटी छोटी गाठोडी बांधते. गाठोड्याचं वेष्टण शाबूत असतं, त्यामुळे आतलं विकर (एन्झाइम) किंवा आम्ल बाहेर सांडत नाही. जाण्याआधी ती आणखी एक काम करते. फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा एक स्निग्ध रेणू जिवंत पेशी आपल्या पटलाच्या आतल्या बाजूला ठेवते. मरणारी पेशी तो बाहेरच्या बाजूला आणते. 'मला उचला' अशी ती खूण. मॅक्रोफेज ती ओळखतो, गाठोडं गिळतो, पचवतो आणि वर आसपासच्या पेशींना शांत करणारे रेणू सोडतो.

मेलेल्यांना उचलण्याच्या या कामाला 'एफेरोसायटोसिस' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ प्रेत अंत्यसंस्काराला नेणं. जीवशास्त्रातली नावं सहसा रुक्ष असतात. हे मात्र कुणीतरी जीव लावून ठेवलंय.

खांदेकरीच मेले तर

आजाराच्या सुरुवातीला ही व्यवस्था धमनीच्या भिंतीतही चोख चालते. एक फेसाळ पेशी मेली, दुसऱ्या मॅक्रोफेजने उचलली, जागा साफ. या टप्प्यावर पेशी मरणं फायद्याचंच असतं, कारण गर्दी कमी होते. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलंय की सुरुवातीच्या काळात मॅक्रोफेजना मरू दिलं नाही, तर फुगवटा उलट वाढतो. 'पेशी मरतात म्हणून आजार होतो' हे सरळसोट वाक्य म्हणूनच चुकीचं ठरतं. तीच घटना आधी उपकारक आणि नंतर घातक आहे. मधल्या काळात मरण बदललेलं नसतं, उचलणारे बदललेले असतात.

माणसांच्या जुन्या फुगवट्यांची टॉन्सिलशी तुलना करून हे मोजलं गेलंय. टॉन्सिल कशाला? तर तिथेही पेशी मोठ्या संख्येने मरतात, पण लगेच उचलल्या जातात. गिळलेल्या पेशींच्या तुलनेत नुसत्या पडून राहिलेल्या पेशींचं प्रमाण फुगवट्यांत टॉन्सिलपेक्षा 19 पट जास्त निघालं.

उचलेगिरी का थांबते याला एकच कारण नाही. पहिलं तर उघडच आहे: उचलणाराच कोलेस्टेरॉलने तुडुंब भरलाय. मेलेल्या फेसाळ पेशीला गिळणं म्हणजे तिच्या पोटातलं सगळं कोलेस्टेरॉलही आपल्या पोटात घेणं. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, अशी त्या बिचाऱ्याची गत. पेशीत मोकळं कोलेस्टेरॉल वाढलं की प्रथिनं घडवणारी आतली जाळी, एंडोप्लास्मिक रेटिक्युलम, ताणाखाली येते. ताण फार काळ टिकला की उचलणाराही मरणाच्या वाटेला लागतो. मग त्यालाच उचलायची वेळ येते.

दुसरं कारण हातांचं. मर-टीके नावाचं एक प्रथिन मॅक्रोफेजच्या पृष्ठभागावर असतं आणि मेलेली पेशी पकडायला त्याची मदत लागते. सुजलेल्या जागी एक विकर हे प्रथिन बुडापासून कापून टाकतं. भरीस भर म्हणजे तुटलेले तुकडे बाहेर तरंगत राहून मेलेल्या पेशींवरच्या खुणांना चिकटतात. हात तुटला तो तुटला, वर तुटलेला हात दुसऱ्याच्या कामात आड येतो.

तिसरं कारण मला सर्वांत विलक्षण वाटतं. निरोगी पेशींच्या अंगावर सीडी-47 नावाचं प्रथिन असतं. त्याचा अर्थ 'मला खाऊ नकोस'. मरणाऱ्या पेशीने ते खाली ठेवायला हवं. फुगवट्यातल्या मरणाऱ्या पेशी ते अंगावर बाळगूनच असतात. 'मला उचला' आणि 'मला हात लावू नका' या दोन्ही पाट्या एकाच अंगावर. मॅक्रोफेज पुढे निघून जातो.

न उचललेलं गाठोडं काही तासच शाबूत राहतं. मग वेष्टण फाटतं आणि आतला सगळा माल बाहेर सांडतो: विकरं, डीएनएचे तुकडे, बिघडलेली स्निग्धद्रव्यं, साठवलेलं कोलेस्टेरॉल. याला दुय्यम नेक्रोसिस म्हणतात. मार्शांची लापशी ती हीच. वैद्यकात तिला 'नेक्रोटिक कोअर' म्हणजे मृत गाभा म्हणतात आणि वर्षानुवर्षं त्यात भर पडत राहते. सांडलेल्या मालाला शरीर जखम समजतं, आणखी मोनोसाइट बोलावतं. त्या येतात, खातात, मरतात, पडून राहतात.

मरणाच्या आणखीही तऱ्हा इथे सापडतात. नेक्रोप्टोसिसमध्ये पेशी ठरवून फुटते. फेरॉप्टोसिस लोहामुळे स्निग्धद्रव्यं जळून होतो आणि फुगवट्यात रक्तस्राव होऊन तांबड्या पेशींतलं लोह सांडलं असेल तिथे त्याचा संशय घेतात. यातली पायरॉप्टोसिस मात्र थोडी थांबून पाहण्यासारखी. गाभ्यात कोलेस्टेरॉल इतकं दाटतं की त्याचे सुईसारखे स्फटिक बनतात. 2010 साली दिसून आलं की हे स्फटिक मॅक्रोफेजमधली इन्फ्लमासोम नावाची धोक्याची घंटा वाजवतात. त्यातून इंटरल्युकिन-1 बीटा हा दाहक, म्हणजे सूज भडकवणारा, रेणू बाहेर पडतो आणि पेशी फुगून फुटूही शकते.

या रेणूलाच अडवलं तर? 2017 साली जाहीर झालेल्या कँटोस चाचणीत नेमकं हेच केलं गेलं. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले आणि अंगात दाह टिकून असलेले 10,061 रुग्ण, आणि कॅनाकिनुमॅब नावाचं औषध. मधल्या मात्रेने पुढचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून 15 टक्क्यांनी कमी झाले, आणि तेसुद्धा कोलेस्टेरॉलला हात न लावता. पण जीवघेण्या संसर्गांचं प्रमाण थोडं वाढलं आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. हृदयासाठी हे औषध रूढ झालं नाही. तरीही माझ्या मते या क्षेत्रातल्या सर्वांत मोलाच्या चाचण्यांपैकी ही एक, कारण दाह हा केवळ साक्षीदार नसून गुन्ह्यात सामील आहे हे तिने माणसांत सिद्ध केलं.

सीडी-47 ची पाटी उतरवण्याचाही प्रयत्न झालाय. 2016 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी उंदरांना या प्रथिनावर बसणारी प्रतिपिंडं दिली. उचलेगिरी पुन्हा सुरू झाली आणि फुगवटे आटोक्यात राहिले. अडचण अशी की आपल्या तांबड्या पेशीही याच पाटीच्या भरवशावर प्लीहेतून सुखरूप सुटतात. पाटी झाकली की जुन्या तांबड्या पेशी भराभर खाल्ल्या जातात आणि पंडुरोग होतो. त्यामुळे पुढचा खटाटोप औषध फक्त मॅक्रोफेजपर्यंतच पोहोचवण्याचा, अतिसूक्ष्म कणांत भरून.

झाकण

इतकी लापशी साठूनही माणूस पन्नास-साठ वर्षं धडधाकट कसा राहतो? गाभ्यावर झाकण असतं म्हणून. मधल्या थरातल्या स्नायुपेशी अस्तराखाली येतात आणि कोलॅजेनचे चिवट तंतू विणून गाभा रक्तापासून वेगळा ठेवतात. रक्ताचा आणि लापशीचा संबंध येता कामा नये, कारण लापशीत रक्त गोठवणारा 'टिश्यू फॅक्टर' ठासून भरलेला असतो. मॅक्रोफेज मरताना तोही मागे ठेवून जातात.

झाकण जिवंत आहे. विणणारे आहेत तोवरच ते टिकतं. शेजारचा दाह, बिघडलेलं एलडीएल, मॅक्रोफेजकडून येणारे मारक संदेश यांनी स्नायुपेशी मरू लागल्या की विणकाम थांबतं. उलट मॅक्रोफेजची विकरं असलेले तंतू कुरतडत राहतात. फुटलेल्या झाकणांची मोजणी करून धोक्याची रेषा 65 मायक्रोमीटरवर मानली गेली आहे. साधारण एका केसाची जाडी.

इथे 2006 सालचा एक प्रयोग सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी असे उंदीर तयार केले की त्यांच्या फक्त धमन्यांतल्या स्नायुपेशी हवं तेव्हा मारता याव्यात. (उंदरावर घटसर्पाचं विष चालत नाही, या पेशींना माणसाचा, ते विष धरून घेणारा रेणू बसवून ते चालतं केलं.) निरोगी धमनीतल्या निम्म्याहून अधिक स्नायुपेशी अशा मारल्या. परिणाम? दाह नाही, गुठळी नाही, धमनी फुगलीसुद्धा नाही. तोच प्रकार फुगवटे असलेल्या धमनीत केला, तर झाकण पातळ झालं, कोलॅजेन घटलं, पेशींचा चुरा साचला आणि जोरदार दाह उसळला. पेशी तशाच मेल्या होत्या. एका भिंतीत उचलणारे कामावर होते, दुसरीत नव्हते.

झाकण फाटलं की रक्त लापशीला भिडतं आणि काही मिनिटांत गुठळी धरू लागते. ती हृदयाच्या धमनीत असेल तर झटका, मेंदूकडे जाणाऱ्या धमनीत असेल तर पक्षाघात. फाटणारा फुगवटा मोठाच असतो असंही नाही. मार्ग निम्मासुद्धा न अडवणारा, चालताना छातीत कधी न दुखवलेला फुगवटाही पातळ झाकणामुळे फुटू शकतो. अँजिओग्राफीत रक्ताची वाट दिसते, भिंतीच्या पोटातला गाभा दिसत नाही.

प्रत्येक झटका फाटण्यानेच येतो असंही नाही. सुमारे एक तृतीयांश वेळा झाकण शाबूत असतं आणि वरच्या अस्तराच्या पेशीच मरून सुटून गेलेल्या असतात. उघड्या पडलेल्या जागेवर गुठळी बसते. अस्तराचं मरण कुठे जास्त, हेही ठरलेलं आहे. सरळ भागात रक्ताच्या एकसारख्या घासण्याने या पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होऊन शांत राहतात. फाटे फुटतात तिथे रक्त भोवऱ्यासारखं घुटमळतं आणि पेशी लवकर मरतात, लवकर बदलल्या जातात. कोलेस्टेरॉल सगळ्या अंगात तेवढंच असूनही फुगवटे फाट्यांवर का धरतात, याचं बरंचसं उत्तर यात आहे.

आता खडे

नावातला दुसरा अर्धा भाग, टणकपणा. हाही मेलेल्यांचाच.

रक्तात कॅल्शियम आणि फॉस्फेट नेहमीच असतं, पण स्फटिक धरायला काहीतरी बूड लागतं. मरणाऱ्या स्नायुपेशींनी बांधलेली ती गाठोडी हे बूड पुरवतात. तीच फॉस्फॅटिडिलसेरीनची खूण, जी पाहून मॅक्रोफेजने यायला हवं होतं, ती कॅल्शियमला धरून ठेवते. कुणी उचललं नाही की गाठोड्याचा हळूहळू दगड होतो. माणसाच्या स्नायुपेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांचं मरण औषधाने रोखलं तेव्हा कॅल्शियम साचणंही कमी झालं, हे 2000 सालापासून माहीत आहे. गाठोडी हे एकमेव कारण नव्हे. काही जिवंत स्नायुपेशी स्वभाव बदलून हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात, तेही कारण आहे.

हे खडे टिकतात मात्र विलक्षण. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार वेगवेगळ्या प्रदेशांतल्या 137 प्राचीन ममींचं सीटी स्कॅन केलं गेलं. सुमारे एक तृतीयांश ममींत धमनीकाठिण्याच्या खुणा दिसल्या.

खड्यांचा धोका त्यांच्या आकारावर ठरतो. झाकणात विखुरलेले काही मायक्रोमीटरचे कण वाईट, कारण प्रत्येक ठोक्याला भिंत ताणली जाते तेव्हा मऊ झाकण आणि कडक कण यांच्या सांध्यावर ताण एकवटतो. गणिती प्रतिकृतींत तो जवळपास दुप्पट होतो. हेच कण पुढे एकत्र येऊन सलग पत्रा बनला तर भिंत उलट स्थिर होते. आणि गंमत अशी की धोकादायक बारीक कण साध्या सीटी स्कॅनला दिसतच नाहीत. दिसतात ते मोठे खडे, निवांत बसलेले.

मग कॅल्शियम स्कोअरचा, म्हणजे सीटी स्कॅनमध्ये दिसणाऱ्या खड्यांवरून काढलेल्या आकड्याचा, काय उपयोग? पुष्कळ आहे. खडा हा त्या भिंतीत किती वर्षं काय चाललंय याचा दाखला आहे. मोठे खडे जिथे आहेत तिथे न दिसणारे मऊ फुगवटेही असण्याची शक्यता जास्त. त्यामुळे स्कोअर जितका जास्त तितका एकूण धोका जास्त, हे बरोबरच आहे. घोटाळा होतो तो औषध सुरू झाल्यावर. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीने एलडीएल खाली येतं, भिंतीतली आवक आटते, गाभा आक्रसतो, झाकण जाड होतं आणि उरलेलं कॅल्शियम अधिक घट्ट होतं. स्कोअर काढण्याच्या पद्धतीत घट्ट खड्याला जास्त गुण आहेत. त्यामुळे नेमाने गोळी घेणाऱ्या माणसाचा स्कोअर काही वर्षांनी पाहिला तर तो वाढलेला दिसू शकतो, आणि झटक्याची शक्यता त्याच काळात कमी झालेली असते. असा अहवाल हातात पडला की बरेच जण घाबरून गोळी बंद करतात. बंद करण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारावं: वाढलेला आकडा लापशीचा आहे की खड्याचा?